पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन

भीमाशंकरच्या अरण्यात उगम पावणारी भीमा आणि कुकडीला पोटात घेऊन पुढे तिला मिळणारी घोड, या नद्या जुन्नर-आंबेगावचा मुलूख ओलांडून दौंडकडे जातात. त्याच दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे. नगरजवळचे केडगाव ते वेगळे. हे केडगाव भाविकांना नारायण महाराजांच्या बेटामुळे परिचित आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १८९० च्या दशकात, तेथल्या ओसाड माळावर एका विधवा ब्राह्मण विदुषीने दुष्काळात अनाथ झालेल्या, रोगाने जर्जर झालेल्या, आंधळ्या आणि टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक वसाहत उभी केली. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई. धर्मांतरामुळे महाराष्ट्राने त्यांच्याकडे बराच काळ पाठ फिरवली. त्यामुळे आजारी स्त्रिया, अपंग आणि निराधार यांच्या हक्कांसाठी त्यांनी केलेले काम आपल्या भागात पुरेसे पोहोचलेच नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. स्त्रीला देववाणी शिकविल्याबद्दल त्यांना स्वजातीयांपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधारे तो दिला आणि अरण्यात आश्रम करून राहिले. पुढे ते कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि रमाबाईंचे बालपण चालण्यातच गेले. पहाटे आई मुलीला पाठ देई. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. देवळाच्या ओसरीवर पुराण सांगावे, श्रोते देतील त्या शिध्यावर निर्वाह करावा, हा त्या कुटुंबाचा क्रम होता.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या दुष्काळाने हा क्रम मोडला. जवळचे होते-नव्हते ते विकून झाले, भिक्षा मागण्याची सवय नव्हती, मजुरीची तर नव्हतीच. वृद्ध अनंतशास्त्रींची दृष्टी तोवर गेली होती. आपल्या धाकट्या कन्येचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. तिचे डोके आणि गाल हातांनी चाचपून त्यांनी तिचा निरोप घेतला, ही आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघेही गेली. सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. उपाशी माणसाचे हाल आणि आंधळ्या म्हाताऱ्याचे परावलंबन हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले.

त्यानंतरचा भाग सर्वश्रुत आहे. हजारो मैल पायी हिंडून ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातिबंधन न मानता बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. अवघ्या चोवीस वर्षांच्या आत माता, पिता, भगिनी, बंधू आणि पती यांचे मृत्यू पाहून ही विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली.

पुण्यात रानडे, भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग पुण्यास आला. आयोगासमोर साक्ष देण्याची संधी रमाबाईंना मिळाली आणि त्यांनी ती मराठीत दिली. विषय शिक्षणाचा होता. स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-तपासनीस हव्यात हे त्यांनी सांगितलेच, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. या देशातील स्त्री आपले दुखणे पुरुष वैद्यापुढे बोलू शकत नाही, संकोचाने ती गप्प राहते आणि ज्या आजारातून वाचली असती त्यात अकाली मरते. म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण खुले झाले पाहिजे, अशी मागणी त्यांनी केली.

आज हे बोलणे साधे वाटेल. तेव्हा ते तसे नव्हते. आरोग्याच्या सोयी सरकारने किती द्याव्यात, कोठे द्याव्यात, याची चर्चा अधिकारी आणि प्रतिष्ठित पुरुष करीत. ज्या बाईला दुखते आहे तिला उपचार कोणाच्या हातून घ्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार आहे, हा विचार त्या चर्चेत नव्हता. रमाबाईंनी रोगी स्त्रीच्या बाजूने तो मांडला. हंटर यांच्यावर या साक्षीचा मोठा प्रभाव पडला. त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर करविले आणि विलायतेत तिचा उल्लेख केला. १८८५ मध्ये व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत पुरविणारा निधी उभा राहिला, त्यामागील प्रेरणांत या साक्षीची गणना केली जाते. हे श्रेय एकट्या रमाबाईंचे मानणे योग्य नव्हे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता, मुंबईतही दानशूर पारशी आणि इंग्रज मंडळींचे प्रयत्न चालू होते आणि त्यांतून १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडले. पण ही मागणी सरकारी आयोगापुढे एका भारतीय स्त्रीने स्वतःच्या भाषेत केली, हे त्या साक्षीचे वेगळेपण होय.

मागणी करून मोकळे व्हावे हा रमाबाईंचा स्वभाव नव्हता. आपणच डॉक्टर व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. स्त्रीधर्मनीति या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांचा प्रवासखर्चास आधार घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. तेथे त्यांचा मार्ग त्यांच्याच कानांनी अडविला. त्यांना ऐकू कमी येत असे. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थिनीला वैद्यकीय शिक्षण घेता येणार नाही, असे ठरले आणि ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते दार बंद झाले. अठरा हजार श्लोक कानांनीच ऐकून पाठ करणाऱ्या बाईला हे ऐकावे लागले! त्या काळी अशा निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय कोणत्याही देशात नव्हती. आपल्या देशात अपंग व्यक्तींसाठी समान संधीचा कायदा १९९५ मध्ये झाला आणि शासकीय उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने केली. रमाबाईंच्या नकारानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे मध्ये गेली.

रमाबाईंनी वैद्यकीचा नाद सोडून चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात अध्ययन केले आणि तेथे संस्कृत शिकविले. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. मात्र तेथेही त्यांनी आपली निवड दुसऱ्याच्या हाती दिली नाही. त्या आजन्म शाकाहारी राहिल्या. मठातील भगिनींनी आग्रह केला तरी अंडे घातलेले पक्वान्नसुद्धा त्यांनी वर्ज्य मानले, आणि आहाराचा धर्मनिष्ठेशी संबंध लावू पाहणाऱ्या भगिनींशी त्यांचा बराच पत्रव्यवहार झाला. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे काही बिशपांनी सुचविले, तेव्हाही आपल्या विवेकाने चालण्याचा हक्क त्यांनी निक्षून सांगितला. आश्रय देणारा कितीही उपकारकर्ता असला तरी आश्रिताची बुद्धी त्याच्या मालकीची होत नाही, ही त्यांची भूमिका वाँटेजच्या पत्रांतून जागोजागी दिसते.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. जी पदवी आपल्याला मिळू शकली नाही ती दुसऱ्या महाराष्ट्रीय तरुणीला मिळताना त्यांनी पाहिली. अमेरिकेत त्यांनी इंग्रजी ग्रंथ लिहिला, व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धती अभ्यासली आणि बोस्टन येथे मदत मंडळ स्थापन करवून त्या १८८९ मध्ये परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९३ मध्ये शारदासदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा आक्षेप आला. केसरीने टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. तो झाकण्याचेही नाही.

१८९७ चे वर्ष मात्र थांबून पाहिले पाहिजे. मुंबईत आलेला प्लेग पुण्यास पोहोचला. सरकारने त्याच वर्षी फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला होता आणि त्यान्वये अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार मिळाले होते. हाच कायदा २०२० च्या करोना साथीतही वापरला गेला, हे वाचकांना स्मरत असेल. रँडसाहेबांच्या प्लेग समितीने घरोघर गोरे सैनिक पाठवून झडत्या सुरू केल्या. रोगी आढळला की त्याला इस्पितळात आणि घरच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. रोग्याची इच्छा, बाईची लाज, जातीचा-अन्नाचा विचार, यांपैकी कशाचीही विचारपूस नसे. लोक इतके धास्तावले की आजारी माणूस लपवून ठेवू लागले, आणि साथ आटोक्यात आणण्याच्या दृष्टीनेही ते घातकच ठरले.

शारदासदनातील एका मुलीलाही प्लेगच्या इस्पितळात नेण्यात आले आणि तिची तेथे परवड झाली. रमाबाईंनी मे १८९७ मध्ये मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी नियतकालिकात पत्र लिहून स्त्री-रोग्यांची इस्पितळात आणि छावणीत कशी अवस्था होते, तरुण मुलींची तेथे सुरक्षितता कशी नाही, हे सरळ मांडले. त्या ख्रिस्ती होत्या, त्यांच्या संस्थेला परदेशी मदत येत होती, राज्यकर्त्यांचे शत्रुत्व त्यांना परवडणारे नव्हते. तरी त्यांनी नाव घालून लिहिले. पत्राचा प्रश्न थेट विलायतच्या पार्लमेंटात विचारला गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरविले. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले यांनीही विलायतेत सैनिकांच्या वर्तनावर आरोप केले होते. परत आल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपले पत्र मागे घेतले नाही. २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या गदारोळात रोगी स्त्रियांचा प्रश्न बाजूला पडला. राष्ट्राच्या इतिहासात चापेकर बंधूंना स्थान मिळाले, ते मिळायलाच हवे होते. परंतु इस्पितळातील बाईच्या वतीने निर्भयपणे लेखणी उचलणाऱ्या या कृतीची आठवण फार थोड्यांनी ठेवली.

त्याच वेळी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ होता. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी छावण्यांत अन्नाच्या मोबदल्यात मुलींची कशी विटंबना होते, हे त्यांनी पाहिले आणि लिहून प्रसिद्ध केले. स्वतःचे सोळावे वर्ष त्यांना आठवले असल्यास नवल नाही. सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा त्यांनी सोबत आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात एवढ्या जणींना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर त्यांना हलविण्यात आले. आरंभी कनाती आणि झोपड्याच होत्या. मग विहिरी खोदल्या, झाडे लावली, इमारती उभ्या राहिल्या आणि मुक्तिसदन हे नाव रूढ झाले.

पाठोपाठ विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आपल्या गुजराती आणि मारवाडी घरांतून छप्पनियो म्हणून ज्याची कहाणी आजी-आजोबांनी सांगितली, तोच हा काळ. गुजरातेतून आणि राजपुतान्याकडून देशोधडीला लागलेल्या कुटुंबांतील मुली केडगावी आल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या गर्दीत आंधळ्या होत्या, लुळ्यापांगळ्या होत्या, मतिमंद होत्या, म्हाताऱ्या होत्या. दुष्काळातील उपासमार आणि देवीचा रोग यांनी कित्येकींची दृष्टी नेली होती. एरवीच्या अनाथाश्रमांत अशांना कोपऱ्यात बसवून दोन वेळा जेवू घालणे हीच परमावधी समजली जाई. रमाबाईंनी वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन, फसवणुकीला बळी पडलेल्यांसाठी कृपासदन आणि अंधांसाठी स्वतंत्र सदन केले. कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्यांनी अंध मुलींचे वर्ग घेतले. लुई ब्रेल हा फ्रेंच माणूस स्वतः बालपणी अंध झालेला. सहा उठावदार टिंबांची ही लिपी त्याने बोटांसाठी रचली. आपल्याकडे अंधांची पहिली शाळा अमृतसर येथे १८८७ मध्ये आणि मुंबईतील मिलर्डबाईंची शाळा १९०० मध्ये सुरू झाली. सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल तर १९५१ मध्ये ठरली. हे ध्यानात घेतले म्हणजे केडगावच्या माळावर खेड्यापाड्यांतील अंध मुली विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बोटांनी वाचू लागल्या, याचे मोल कळते.

वाचनाबरोबर हातांना काम दिले गेले. मुक्तिसदनात शेती, गोठा, तेलाचा घाणा, विणकाम आणि छापखाना असे उद्योग होते, आणि ते सर्व स्त्रियाच चालवीत. डोळे नसलेली बाई टोपली विणू शकते, दुसरीला शिकवू शकते, धान्य निवडणाऱ्या डोळसांना पाठांतर सांगू शकते. जिला जे साधते ते तिने करावे आणि वसाहतीच्या संसारात आपला वाटा उचलावा, अशी योजना होती. भोजनाला बसणारी प्रत्येक जण कोणाची तरी उपकृत नसून घरची माणूस आहे, हा भाव त्यातून आपोआप येई.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा लागतो. स्वतःचा धर्म, आहार आणि मार्ग स्वतः निवडणाऱ्या रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या अजाण मुलींना धर्माच्या बाबतीत तशी निवड खरोखर ठेवली होती काय? शारदासदनात आरंभी धर्माबाबत तटस्थता पाळली जाई. केडगाव मात्र उघडपणे ख्रिस्ती होते आणि १९०५ च्या सुमारास तेथे धार्मिक जागृतीची लाट उसळली. उपाशी मुलीची संमती कितपत मोकळी असते, ही शंका त्या काळच्या टीकाकारांनी घेतली आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, त्या मुलींना घेण्यासाठी आपले मठ, धर्मशाळा आणि घरे त्या वेळी किती उघडली होती, हेही विचारले पाहिजे. आपल्या समाजातील दानशूरांनी छप्पनच्या दुष्काळात पांजरपोळ चालविले, सदावर्ते घातली. निराधार अंध मुलीला अक्षर शिकविण्याची व्यवस्था मात्र दुर्मीळच होती.

रमाबाईंचे स्वतःचे बहिरेपण उत्तरायुष्यात वाढत गेले. हजारोंच्या कलकलाटात राहूनही त्या एका प्रकारच्या शांततेत वावरत. मनोरमाबाई त्यांचे कान झाल्या होत्या. व्यवहार, पत्रे, पाहुणे हे त्या सांभाळीत आणि रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत बसत. हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्यांनी प्रौढ वयात शिकून घेतल्या होत्या. विद्वानांची मराठी खेड्यातील बायकांना समजत नाही, त्यांना समजेल अशा शब्दांत ग्रंथ हवा, हा हट्ट त्यामागे होता. जुळणी, छपाई, बांधणी हे सगळे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच करायचे. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. ज्यांच्या एका गव्हर्नराने त्यांना दिशाभूल करणारी ठरविले होते, त्याच सरकारचे हे पदक होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी निवर्तल्या. अंधांची शिक्षिका आणि आईचे कान एकाच दिवशी गेले. रमाबाईंनी भाषांतराचे उरलेले काम तसेच पुढे रेटले आणि ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये तो ग्रंथ मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे.